ग्रॅनाइटला ग्रॅनाइट भेटतो तिथे : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांत नांदेड जिल्ह्यातल्या ग्रॅनाइटविषयी इतके प्रश्न होते की सगळं सदर त्यालाच दिलं आहे. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे. शेजारी शेजारी असलेले ग्रॅनाइटचे दोन प्लुटॉन जिथे एकमेकांना लागतात, ती सीमा ओळखायची कशी आणि तिच्यावरून काय सांगता येतं? प्लुटॉन म्हणजे जमिनीच्या पोटात खोलवर शिलारस थंड होऊन तयार झालेला खडकाचा एक देह. असे दोन देह सारख्याच दगडाचे असले तर त्यांच्यातली सीमा पाहणं हे भूशास्त्रातलं फार चिकाटीचं काम आहे.

प्रश्न : मराठवाडा म्हणजे काळा दगड, असंच आम्ही शिकवत आलो. मग ग्रॅनाइटच्या सीमा पाहायला विद्यार्थ्यांना न्यायचं कुठे? हैदराबादकडे जावं लागेल का?
— शिक्षक, लातूर

जावं लागणार नाही. देगलूर, बिलोली, धर्माबाद आणि मुखेडचा काही भाग इथे बेसाल्टचं, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाचं, पांघरूण संपतं आणि खालचा जुना खडक उघडा पडतो. हा धारवाड क्रेटॉनच्या, म्हणजे दक्षिण भारतातल्या अतिप्राचीन, स्थिर भूखंडाच्या, पूर्व भागाचा उत्तरेकडचा काठ आहे. गुलाबी आणि करडा ग्रॅनाइट, पट्टे असलेला नाइस (उष्णता आणि दाबाने बदललेला खडक) आणि त्यांना छेदून गेलेले डोलेराइटचे काळे डाइक (भेगेत शिलारस थिजून झालेल्या भिंती) हे सगळं एका दिवसाच्या फेरीत पाहायला मिळतं. वय साधारण २५० कोटी वर्षांच्या घरातलं. तुमच्या लातूरच्या पायाखालीही याच प्रकारचा जुना पाया आहे, फक्त झाकलेला. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी खोल बोअर घेतला गेला. तो सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट पार करून, खालचा पातळ गाळथर ओलांडून, नाइसमध्ये शिरला.

घरून निघण्याआधी दोन गोष्टी हाताशी ठेवा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घ्या (देगलूर ५६ एफ/१० मध्ये येतं), आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावरचा भूशास्त्रीय नकाशा पाहून ठेवा. छापील नकाशावरची सीमा हा अंदाज समजा. त्या प्रमाणावर एक मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर ५० मीटर जागा खाते.

खडक कुठे उघडा मिळेल? नाल्यांचे तळ, नव्याने खोदलेल्या विहिरींचे काठ, रस्त्याची कटिंग, चालू आणि बंद पडलेल्या खदानी. माळावरचे मोठे गुंडे दिसायला छान असतात, पण त्यांचं वरचं कवच झिजून एकाच रंगाचं झालेलं असतं, त्यामुळे सीमा त्यांच्यावर दिसत नाही. नाल्यातला पाण्याने घासलेला, किंचित ओला दगड सगळ्यात बोलका. म्हणून पाऊस ओसरल्यानंतर नाले आटायला लागतात तो काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये खडक जास्त उघडा मिळतो, पण सकाळी अकरानंतर विद्यार्थ्यांना उघड्या ग्रॅनाइटवर उभं करू नका.

प्रश्न : एकीकडे गुलाबी आणि दुसरीकडे करडा ग्रॅनाइट दिसला म्हणजे दोन प्लुटॉन झाले, असं मी प्रकल्पात लिहिलं. सरांनी खोडलं. का?
— बी.एस्सी. तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, नांदेड

सरांनी बरोबर केलं. गुलाबी रंग बहुतेक वेळा पोटॅश फेल्डस्पार या खनिजातल्या हेमॅटाइटच्या (लाल लोहखनिजाच्या) अतिसूक्ष्म कणांमुळे येतो. शिलारस थिजून गेल्यावर पुष्कळ काळाने भेगांमधून गरम पाणी फिरलं तरी करडा दगड भेगेच्या दोन्ही बाजूंनी गुलाबी होतो. तुमची सीमा एखाद्या भेगेला समांतर जात असेल आणि भेगेपासून दूर जाताना रंग हळूहळू विरत असेल, तर तो बदल नंतरचा आहे, त्यातून दुसरा देह सिद्ध होत नाही. पडताळा सोपा आहे. रंग बदलतो तिथे दाण्यांचा आकार, काळ्या खनिजांचं प्रमाण आणि दोन फेल्डस्पारचं (पोटॅश आणि प्लॅजिओक्लेज) प्रमाण बदलतं का ते पाहा. काहीच बदलत नसेल तर दगड एकच.

हे डोळ्याने ठरवू नका, मोजा. पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर चौकटी आखा आणि स्वच्छ, सपाट दगडावर ठेवा. प्रत्येक छेदबिंदूखाली कोणतं खनिज येतं ते टिपत जा. चौकटीचं अंतर सरासरी दाण्यापेक्षा मोठं हवं, नाहीतर एकच स्फटिक पुन्हा पुन्हा मोजला जातो. निदान ४०० बिंदू घ्या. ४०० बिंदूंत क्वार्ट्‌झ ३० टक्के आला तर त्यातली चूक अधिक-उणे साडेचार टक्क्यांपर्यंत असते. म्हणून एकीकडे ३० आणि दुसरीकडे ३३ आले तर फरक आहे असं म्हणता येत नाही. २२ आणि ३४ आले तर म्हणता येतं.

फेल्डस्पार ओळखताना दहापट भिंगाखाली ताजा तुटलेला पृष्ठभाग उन्हात फिरवा. प्लॅजिओक्लेजच्या चकाकणाऱ्या फळीवर बारीक समांतर रेघा दिसतात. पोटॅश फेल्डस्पारवर त्या नसतात, फार तर अर्धा स्फटिक चमकतो आणि अर्धा विझलेला राहतो. यात गल्लत झाली तर खडकाचं नावच बदलतं. एकूण फेल्डस्पारमध्ये प्लॅजिओक्लेज ६५ टक्क्यांपर्यंत असेल तोवर ग्रॅनाइट, ६५ ते ९० मध्ये ग्रॅनोडायोराइट, त्यापुढे टोनॅलाइट. मोठे फेल्डस्पार असलेल्या दगडात एका चौरस मीटरमध्ये तीन सेंटिमीटरपेक्षा लांब स्फटिक किती, तेही मोजा. सीमेच्या दोन बाजूंना हा आकडा पुष्कळदा सगळ्यात स्पष्ट बोलतो.

महाविद्यालयात चुंबकग्राहिता (दगड चुंबकाला किती प्रतिसाद देतो ते) मोजायचं हातातलं यंत्र असेल तर अवश्य न्या. एका ठिकाणी ताज्या, सपाट पृष्ठभागावर दहा वाचनं घ्या आणि मध्यक लिहा. ढोबळ हिशेबाने ३ × १०⁻³ एसआयच्या वर मॅग्नेटाइट (तीव्र चुंबकीय लोहखनिज) असलेला ग्रॅनाइट आणि खाली इल्मेनाइटचा (कमी चुंबकीय). झिजलेल्या कवचावर वाचन घेतलं तर आकडा खाली येतो, कारण मॅग्नेटाइटचं हेमॅटाइट झालेलं असतं. मग एकाच दगडाचे दोन प्लुटॉन कागदावर तयार होतात.

प्रश्न : दोन ग्रॅनाइटपैकी आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता, हे सीमेवर उभं राहून खात्रीने सांगता येतं का? कोणत्या खुणा भरवशाच्या?
— एम.एस्सी. भूशास्त्राचा विद्यार्थी, नांदेड

येतं, पण एका जागी उभं राहून क्वचितच. सीमेच्या कडेने चालावं लागतं, आणि प्रत्येक खुणेला तिचा फसवा जुळा भाऊ असतो हे लक्षात ठेवावं लागतं. आमच्या मते खुणांचा क्रम असा.

सगळ्यात वजनदार खूण म्हणजे छेद. जुन्या ग्रॅनाइटमध्ये आधीपासून काही ना काही रचना असते. स्फटिकांची एका दिशेने लागलेली रांग, काळ्या खनिजांचे लांबट पट्टे, जुने डाइक. हे सगळं सीमेपाशी येऊन तुटत असेल, आणि पलीकडच्या ग्रॅनाइटमधली स्फटिकांची रांग मात्र सीमेला समांतर वळत असेल, तर तुटलेला तो जुना. पण एका डाइकवर निकाल देऊ नका. डाइक आपोआपही निमुळता होऊन संपतो. सीमेच्या कडेने तीन-चार वेगवेगळे डाइक तसेच तुटलेले सापडले पाहिजेत. दुसरा धोका याहून मोठा आहे. काही वेळा स्फटिकांची रांग सीमा ओलांडून दोन्ही ग्रॅनाइटमधून तशीच सरळ जाते. ती दोन्ही देह थिजल्यावर संपूर्ण प्रदेश दाबला गेल्याने आलेली असते. त्यातून एवढंच कळतं की दोन्ही ग्रॅनाइट त्या दाबापेक्षा जुने आहेत. त्यांच्या आपसातल्या क्रमाबद्दल ती काहीच सांगत नाही. फरक ओळखायचा तर क्वार्ट्‌झ पाहा. फेल्डस्पार सुबक आणि अखंड, क्वार्ट्‌झ न ताणलेला, तर रांग शिलारस वाहताना लागलेली. क्वार्ट्‌झ लांबट फितीसारखा ओढला गेलेला आणि फेल्डस्पार कडांनी चिरडलेले, तर दगड घट्ट झाल्यावर दाबला गेलेला.

दुसरी खूण शिरांची. नव्या ग्रॅनाइटच्या शिरा जुन्यात घुसतात, हे खरं. पण शीर मूळ देहापर्यंत चालत जाऊन जोडलेली दिसली पाहिजे. मधे दहा मीटर माती असेल आणि दोन्हीकडे दगड सारखा दिसतो म्हणून जोडून टाकलं, तर तो पुरावा होत नाही, तो तुमचा अंदाज होतो. सीमेजवळ बारीक, साखरेच्या दाण्यासारख्या अ‍ॅप्लाइटच्या शिरा हमखास असतात आणि विद्यार्थी त्यांच्यावरच निकाल देतात. अ‍ॅप्लाइट हा कुठल्याही ग्रॅनाइटचा शेवटचा उरलेला रस असू शकतो. शीर दोन्ही देहांना कापत असेल तर ती दोघांपेक्षा नवी, बस्स, इतकंच.

तिसरी खूण तुकड्यांची. नव्या ग्रॅनाइटच्या पोटात जुन्याचे कोनदार तुकडे अडकलेले असतात. तुकड्याच्या आतली खनिजांची रांग मोजा. ती शेजारच्या तुकड्यात वेगळ्या दिशेला वळलेली असेल तर तुकडे खरोखर सुटून फिरलेले आहेत. रांग सगळ्या तुकड्यांत एकाच दिशेला असेल तर कदाचित ते सुटलेच नाहीत, शिरांच्या जाळ्यात जागेवरच अडकलेले आहेत. ग्रॅनाइटमध्ये गोलसर, काळपट, बारीक दाण्याचे गोळे फार सापडतात. त्यांना शेजारच्या प्लुटॉनचे तुकडे समजू नका. ते बहुधा ग्रॅनाइटच्या रसात मिसळलेल्या दुसऱ्या, जास्त गरम आणि काळ्या रसाचे थेंब असतात. त्यांचा शेजाऱ्याशी काही संबंध नसतो.

चौथी खूण कडेला दाणा बारीक होण्याची. पुस्तकात ही पहिली येते, पण दोन ग्रॅनाइटच्या बाबतीत आम्ही तिला शेवटी ठेवतो. नवा रस आला तेव्हा जुना ग्रॅनाइट अजून गरम असेल तर कडेचा दाणा बारीक होतच नाही. उलट काहीच थंड झालेलं नसताना सीमेवर घर्षण होऊन दाणे चिरडले गेले तरी पट्टा बारीक दिसतो. हातात घेऊन पाहा. बारीक पण सुबक स्फटिक आणि त्यात विखुरलेले मोठे फेल्डस्पार, तर ती थंड कड. दगड पट्ट्यापट्ट्यांचा, चमकदार, फेल्डस्पारचे डोळे झालेले, तर ते घर्षण. आणि सीमेला चिकटून अ‍ॅप्लाइटची एक पातळ चादर घुसली असेल तर ती तिसरीच भानगड आहे.

आता हळूहळू बदलणाऱ्या सीमेविषयी. एका ग्रॅनाइटमधून दुसऱ्यात जाताना कुठेच रेघ सापडत नाही, पन्नास मीटरमध्ये मोठे स्फटिक वाढत जातात आणि दगड बदलतो. अशा वेळी ‘दोन्ही एकाच वेळचे’ असं लिहिण्याचा मोह होतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, योसेमिटी भागात, टुआलमी नावाचा प्लुटॉनांचा समूह आहे. त्यात बाहेरून आत कुना क्रेस्ट, हाफ डोम, कॅथीड्रल पीक आणि अगदी मधे जॉन्सन असे देह एकात एक बसलेले आहेत. हाफ डोम आणि कॅथीड्रल पीक यांच्यातली सीमा काही ठिकाणी रेघेसारखी आहे, काही ठिकाणी हळूहळू बदलणारी. हा सगळा समूह एकाच मोठ्या रसाच्या साठ्यातून थंड होत गेला अशी मांडणी बराच काळ चालली. २००४ मध्ये झिरकॉन या टिकाऊ खनिजाच्या दाण्यांवरून काढलेली वयं प्रसिद्ध झाली तेव्हा दिसलं की समूह तयार व्हायला ८० लाख वर्षांहून जास्त काळ लागला आहे, साधारण साडेनऊ कोटी ते साडेआठ कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यान. म्हणजे हळूहळू बदलणारी सीमा सांगते की नवा रस आला तेव्हा जुना पुरता थिजला नव्हता किंवा पुन्हा मऊ झाला. एका घोटात सगळं आलं असं ती सांगत नाही. नोंदवहीत ‘हळूहळू बदल, रुंदी ५० मीटर’ एवढंच लिहा आणि कारण दुसऱ्या पानावर लिहा.

एक शेवटची गोष्ट, जी फार वेळा नजरेतून सुटते. दोन ग्रॅनाइटच्या मधे कधी कधी नाइसचा किंवा काळ्या अ‍ॅम्फिबोलाइटचा दोन-चार मीटरचा पडदा उभा असतो. मग ते ग्रॅनाइट त्या जागी एकमेकांना लागतच नाहीत. दोन्ही पडद्यापेक्षा नवे, पण आपसातला क्रम तिथे ठरत नाही. पडदा संपेपर्यंत चालत राहा.

प्रश्न : आमच्या भागात सीमा बहुतेक मातीखाली आहे. नकाशावर रेघ कुठे काढायची? आणि तिचा उतार कसा काढायचा?
— संशोधक विद्यार्थी, मुखेड

सीमेच्या अंदाजे दिशेला आडवं चाला. दोन ओळींत २०० ते २५० मीटर अंतर ठेवा, सीमा जवळ आली की ५० मीटरवर या. प्रत्येक ओळीवर पहिला ग्रॅनाइट शेवटचा कुठे दिसला आणि दुसरा पहिल्यांदा कुठे दिसला, या दोन बिंदूंची नोंद करा. सीमा त्या दोघांच्या मधे कुठेतरी आहे. ते अंतर १० मीटर असेल तर अखंड रेघ, ६० मीटर असेल तर तुटक, आणि काहीच उघडं नसेल तर ठिपके. तिन्ही प्रकारच्या रेघा एकाच नकाशावर असणं यात काही कमीपणा नाही. सगळीकडे अखंड रेघ असलेला नकाशा पाहिला की उलट शंका घ्यावी.

माती झाकते तशी ती सांगतेही. विहिरीच्या काठावर पडलेला ताजा दगड हा त्या जागेचा खात्रीचा नमुना आहे, शेतकऱ्याला किती खोलीवर दगड बदलला ते विचारा. नांगरलेल्या रानात वर आलेले फेल्डस्पारचे मोठे तुकडे आसपासच्या दगडाची ओळख देतात. मात्र उतारावरचे दगड खाली घसरतात, त्यामुळे नेहमी चढाच्या बाजूचा शेवटचा तुकडा खरा धरा. बांधावर रचलेले दगड बाहेरून आणलेले असू शकतात. त्यांच्यावर विसंबू नका.

उताराबाबत सावध राहा. आपल्याकडे उंचसखलपणा कमी, त्यामुळे सीमा दरीत वळते का यावरून उतार काढता येत नाही. समजा टेकाडाच्या माथ्यावर आणि नाल्यात सीमा सापडली, उंचीत फरक १८ मीटर आणि आडवं अंतरही १८ मीटर. उतार ४५ अंश आला. पण मोबाइलच्या जीपीएसमध्ये प्रत्येक बिंदूला पाच मीटरची चूक धरली तर आडवं अंतर ११ ते २५ मीटरच्या दरम्यान कुठेही असू शकतं, आणि उतार ३६ ते ५९ अंशांत कुठेही. जीपीएसची उंची तर याहून कच्ची. अशा छोट्या अंतरावर टेप आणि क्लिनोमीटर (उताराचा कोन मोजायचं साधन) वापरा, किंवा खदानीच्या उभ्या भिंतीवर थेट मोजा. दोन वेगळ्या दिशांच्या भिंती मिळाल्या तर खरा उतार निघतो, एकाच भिंतीवर दिसतो तो आभासी उतार, तो खऱ्यापेक्षा नेहमी कमी किंवा फार तर तेवढाच.

होकायंत्र दगडावर टेकवू नका. मॅग्नेटाइटवाला ग्रॅनाइट किंवा डोलेराइटचा डाइक सुई ओढतो. वहीचा पुठ्ठा मधे धरा आणि दूरच्या खुणेकडे पाहून एक आणि त्या खुणेपाशी जाऊन मागे पाहून एक, अशी दोन वाचनं घ्या. त्यांच्यात १८० अंशांचा फरक नसेल तर त्या जागी सुईवर विश्वास ठेवू नका.

प्रश्न : माझ्या वावरात एका बाजूला लाल ग्रॅनाइट आणि दुसऱ्या बाजूला पांढरट ग्रॅनाइट आहे. पाणाड्यानं दोघांच्या सांध्यावर बोअर पाडायला सांगितलंय. पाणी लागेल का?
— शेतकरी, बिलोली तालुका

सांधा आहे म्हणून पाणी लागेल, असं नाही. दोन ग्रॅनाइट गरम असताना जुळलेले असतील तर सांधा उरलेल्या दगडाइतकाच घट्ट असतो, त्यात पाणी शिरायला जागाच नसते. सांध्यावरून नंतर दगड सरकलेला असेल तर मात्र तिथे चिरडलेला पट्टा आणि भेगा असतात, आणि पाणी मिळण्याची शक्यता वाढते. ओळखायची खूण अशी : सांध्यावर हिरवट, निसरडा थर आहे का, दगड फळ्या-फळ्यांनी सुटतो का, पावसानंतर तिथे पाझर टिकतो का, त्या रेषेवर झाडांची रांग हिरवी राहते का. यातलं काही नसेल तर सांध्यावर बोअर घेण्यात विशेष फायदा नाही.

ग्रॅनाइटमध्ये पाणी मुख्यतः वरच्या मुरमाच्या थरात आणि त्याच्या लगेच खालच्या भेगांत असतं. खोल जाल तशा भेगा मिटत जातात. म्हणून मुरूम जिथे जाड आहे ती जागा पाहा, आसपासच्या विहिरींत मुरूम किती हात आहे ते विचारा, आणि शक्य असेल तर बोअरआधी विद्युत रोध पद्धतीने तपासणी करून घ्या. तिचा खर्च कोरड्या बोअरच्या मानाने थोडा असतो. शेतातून काळ्या दगडाचा डाइक जात असेल तर तो भूमिगत बांधासारखं पाणी अडवू शकतो. अशा वेळी पाणी ज्या बाजूने येतं, म्हणजे चढाच्या बाजूला, बोअर घ्यावा.

पाणी लागलं तर पिण्याआधी फ्लोराइड तपासाच. ग्रॅनाइटमधल्या कृष्णाभ्रक, अ‍ॅपॅटाइट आणि फ्लोराइट या खनिजांतून ते पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. पाणी गोड लागलं म्हणजे फ्लोराइड नाही असं नसतं, त्याला चव नसते. लहान मुलांच्या दातांवर डाग दिसायला लागेपर्यंत थांबू नका.

प्रश्न : देगलूरच्या पश्चिमेला बेसाल्ट ग्रॅनाइटवर बसलेला दिसतो. हाही दोन अग्निज खडकांमधला तसाच संपर्क मानायचा का?
— विद्यार्थिनी, उदगीर

नाही. ग्रॅनाइट २५० कोटी वर्षांच्या घरातला, बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांचा. मधल्या काळात ग्रॅनाइट वर आला, उघडा पडला, झिजला, आणि त्या झिजलेल्या जमिनीवर लाव्हा पसरला. सीमेखाली दोन-तीन मीटर ग्रॅनाइट मऊ, फेल्डस्पारचा पांढरा चिकणमातीसारखा चुरा झालेला दिसतो. बेसाल्ट ग्रॅनाइटमध्ये घुसलेला नाही, त्याच्यावर पसरलेला आहे. ग्रॅनाइटला छेदणारी उभी काळी भिंत दिसली तर ती वेगळी, तो डाइक.

प्रश्न : दोन प्लुटॉनांचं वय काढायला नमुने किती आणि कुठून घ्यावेत? वयं काढली तर सीमेवर इतकं फिरायची गरजच काय?
— पीएच.डी. संशोधक, नांदेड

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. लेसरने झिरकॉन जाळून शिसे-युरेनियमचं वय काढण्याच्या पद्धतीत खरी अचूकता साधारण एक टक्क्याची धरावी. २५० कोटी वर्षांच्या दगडात एक टक्का म्हणजे अडीच कोटी वर्षं. तुमचे दोन ग्रॅनाइट एकामागोमाग एक कोटी वर्षांच्या फरकाने आले असतील तर दोघांची वयं एकमेकांवर बसतील. झिरकॉनचा एकेक दाणा आम्लात झिजवून, विरघळवून मोजण्याची जास्त अचूक पद्धत आहे, तिच्यात चूक ०.१ टक्क्याच्या आसपास येते, म्हणजे पंचवीस लाख वर्षं. ती महाग आणि वेळखाऊ आहे. नाल्यातली एक स्वच्छ छेदरेषा मात्र क्रम सांगते आणि त्यात अधिक-उणे नसतं. यंत्राने काळ मोजा, क्रम सीमेवर ठरवा.

शिवाय नवा ग्रॅनाइट वर येताना जुन्याचे झिरकॉन उचलतो. नमुना सीमेला अगदी चिकटून घेतला तर त्यातल्या निम्म्या दाण्यांचं वय शेजाऱ्याचं निघू शकतं. म्हणून वयाचा नमुना सीमेपासून निदान १०० मीटर आत, ताज्या दगडातून, ५ ते १० किलो घ्या, आणि दाण्यांचे गाभे व कडा वेगवेगळे दाखवणारी छायाचित्रं काढल्याशिवाय मोजणी करू नका.

रासायनिक विश्लेषणाला वेगळी माळ हवी. सीमेवर, १ मीटरवर, मग ५, २० आणि १०० मीटरवर, दोन्ही बाजूंना. दाणा मध्यम असेल तर २-३ किलो पुरतात. तीन-चार सेंटिमीटरचे फेल्डस्पार असतील तर १५-२० किलोच्या खाली नमुना प्रातिनिधिक होत नाही, एक जास्तीचा स्फटिक आला तरी पोटॅशचा आकडा हलतो. झिजलेलं कवच जागेवरच फोडून टाका. क्रमांक दगडावर आणि पिशवीत टाकलेल्या चिठ्ठीवर, असा दोन ठिकाणी लिहा. आतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, ओल्या दगडाने शाई पुसली जाते.

प्रश्न : कोणता हातोडा घ्यावा?
— विद्यार्थी, परभणी

ग्रॅनाइटसाठी दीड किलोच्या आसपासचा, सोबत छिन्नी आणि डोळ्यांना गॉगल. गॉगलशिवाय एकही घाव नको. हातोड्यावर हातोडा कधीच मारू नये, पोलादाची कपची गोळीसारखी उडते. त्याबरोबर पाण्याची बाटली आणि धुण्याचा ब्रश ठेवा. सीमा फोडून जेवढी दिसते त्यापेक्षा धुऊन जास्त दिसते. नाल्यातला घासलेला सुंदर संपर्क फोडू नका, तो पुढच्या वर्षीच्या मुलांनाही पाहायचा आहे. खदानीत जाण्याआधी मालकाची परवानगी आणि सुरुंगाची वेळ विचारा, आणि पावसानंतर उभ्या भिंतीखाली थांबू नका.

प्रश्न : एका नाल्यात करड्या ग्रॅनाइटमध्ये गुलाबी ग्रॅनाइटच्या शिरा घुसलेल्या दिसल्या. तिथून दीड किलोमीटरवर गुलाबी ग्रॅनाइटमध्येच करड्याच्या शिरा आहेत. आता कोणाला जुना म्हणायचं?
— एम.एस्सी. विद्यार्थिनी, देगलूर

सध्या कोणालाच नाही. पण हे पत्र आम्हाला सगळ्यात जास्त आवडलं, कारण अशी विसंगती तोपर्यंत दिसत नाही जोपर्यंत कोणी दीड किलोमीटर चालत जात नाही.

तीन शक्यता तपासा. पहिली, ‘करडा’ म्हणून तुम्ही धरलेले दोन वेगळे ग्रॅनाइट आहेत. दोन्ही नाल्यांतल्या करड्यात बिंदू मोजणी करा, मोठ्या फेल्डस्पारची संख्या आणि चुंबकग्राहिता मोजा. आकडे वेगळे आले तर कोडं सुटलं. एक करडा गुलाबीच्या आधीचा, दुसरा नंतरचा. आमच्या मते ही शक्यता आधी तपासावी, कारण सोपी आहे आणि बहुतेक वेळा इथेच उत्तर मिळतं. दुसरी, दुसऱ्या जागच्या शिरा मुख्य करड्या देहाच्या नाहीतच. त्यांचा दाणा शिरेच्या मधोमध पाहा, मुख्य देहाशी जुळतो का, आणि एखादी शीर तिथपर्यंत चालत जाऊन जोडली जाते का. तिसरी शक्यता सगळ्यात अवघड आणि सगळ्यात रंजक आहे. दोन्ही रस जवळजवळ एकाच काळात होते. गुलाबी आला तेव्हा करडा पुरता थिजलेला नव्हता, आणि गुलाबीच्या उष्णतेने हललेला करडा रस उलट त्याच्यात शिरला. तसं असेल तर शिरांच्या कडा सरळ नसतील, नागमोडी आणि गोलसर असतील, कडेला दाणा बारीक झालेला नसेल, आणि गुलाबीतले मोठे फेल्डस्पार करड्या शिरेच्या आत अर्धवट शिरलेले दिसतील. भिंग घेऊन नेमके हेच स्फटिक शोधा. कडेवर आडवा बसलेला एक अखंड फेल्डस्पार, अर्धा गुलाबीत आणि अर्धा करड्यात, मिळाला तर त्याचा प्रमाणपट्टीसह फोटो काढा आणि जागा मोजून ठेवा.

तोपर्यंत नकाशावर दोन्ही नाल्यांपाशी छेदाची दिशा दाखवणारा बाण काढा, परस्परविरुद्ध असले तरी दोन्ही ठेवा, आणि सूचीत ‘क्रम अनिश्चित’ असं लिहा. परीक्षकाने एक बाण खोडायला सांगितला तर त्यांना दोन्ही नाले दाखवा.